दगडाखालच्या खुणा

"वहिनी, आता पाठ फिरवा," बुर्कार्ड म्हणाला. "नदीकडं तोंड करा. मी हाक मारेपर्यंत वळायचं नाही."

"मला नको शिकवूस," गुंडेल म्हणाली. "पाठ फिरवणं काय असतं ते या गावानं मला चांगलं दाखवलंय."

तरी ती वळली. काठी टेकत वीस पावलं उतार उतरली आणि धुक्यात बुडालेल्या माइन नदीकडं तोंड करून उभी राहिली. अंगात नवऱ्याचा जाड काळा कोट होता. किलियानला जाऊन अकरा वर्षं झाली होती. कोट तिला घोट्यापर्यंत येत होता आणि खालची कड ओल्या पानांवरून घासून मातकट झाली होती.

नियमच तसा होता. लाइटनहाइम या जर्मन गावाच्या द्राक्षमळ्यांतला हद्दीचा दगड उकरायचा तर तो हद्दी राखणाऱ्या सात शपथबद्ध गावकऱ्यांनी, म्हणजे 'सातां'नीच, आणि त्या वेळी सातांबाहेरच्या मालकांनी बघायचं नाही. दगडाखाली सातांनी पुरलेल्या खुणा असत. भाजक्या मातीचे तुकडे, एखादी काच. त्या किती, कशा, कुठल्या तोंडानं मांडायच्या हे सातांखेरीज कुणालाही ठाऊक नसे. कागदावर ते कधी उतरलं नाही. एक मेला की उरलेले सहा नवा माणूस निवडत, त्याला हात वर करून शपथ घ्यायला लावत आणि मग कानात सांगत. बायकोला सांगायचं नाही, पाद्रीबाबाला सांगायचं नाही. कुणीही रात्रीतून दगड सरकवील, पण खाली काय आहे हे ज्याला माहीत नाही तो खुणा कुठून सरकवणार? एवढ्या भरवशावर त्या उभ्या उतारावरच्या वेली कित्येक पिढ्या एकमेकींना खेटून नांदत आल्या होत्या.

आता सातांतले चारच उरले होते, आणि त्यातला एक अंथरुणाला खिळलेला. राहिले तिघं. बेकरीवाला आल्बान, कौलं बसवणारा लिनहार्ट आणि त्यांचा प्रमुख, अडुसष्ट वर्षांचा बुर्कार्ड श्राउड. नवीन माणूस निवडायची गोष्ट कुणी काढत नव्हतं. मार्चमध्ये तुकडेजोड होती. बुलडोझर येणार, जुने बांध, पायऱ्या, वेली, दगड सगळं उपटून उतार एकसारखा करणार, आणि ज्याच्या त्याच्या वाट्याची जमीन नव्यानं मोजून देणार. मोजणीवाले तिपाईवर दुर्बीण लावून महिनाभर हिंडत होते. दगडाखाली काय आहे हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

म्हणूनच गुंडेल गेल्या आठवड्यात बुर्कार्डच्या दारात आली. खुर्ची पुढं केली तरी बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, मार्चनंतर तो दगड कुठं होता हे सांगायला कुणी उरायचं नाही, त्याआधी एकदा उकर.

"जमीन नकोय मला. माझ्यामागं खाणारं कोण आहे? पण किलियान खोटा नव्हता, एवढं मला कळून मरू दे."

कुठला दगड, हे बुर्कार्डनं विचारलं नाही. त्याच्याच मळ्याचा कोपरा होता तो.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी किलियान त्याच कोपऱ्यावर उभा राहून ओरडला होता की गुम्बर्ट श्राउडनं बांध कोरला, माझ्या दोन ओळी खाल्ल्या. गुम्बर्ट म्हणजे बुर्कार्डचा बाप. तेव्हा सातांचा प्रमुख तोच होता. तो शांतपणे म्हणाला, मी स्वतः उकरून पाहिलंय, खुणा जागच्या जागी आहेत. प्रमुखाच्या शब्दावर दुसरी कुदळ पडत नसे. सातांवर आळ घेतला म्हणून किलियानला रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून, टोपी हातात धरून, गावापुढं माफी मागावी लागली. त्यानंतर चर्चच्या गायकांत तो उभा राहिला नाही. त्याचा आवाज चांगला खर्जातला होता, म्हणत.

गुंडेलनं मात्र तोंड मिटलं नाही. वेली बांधताना बायका गाणी म्हणत, त्यात एक गाणं दगड सरकवणाऱ्याचं होतं. मेल्यावर त्याच्या खांद्यावर तोच दगड पेटतो आणि तो रानोमाळ विचारत फिरतो. गुम्बर्ट वाटेनं चालला की गुंडेल वर न पाहता ते सुरू करी:

*दगड पेटला खांद्यावरती,*
*कुठं ठेवू गं, सांग बाई?*
*जिथून उचलला तिथंच ठेव,*
*दुसरी याला जागा नाही.*

बायका खाली मान घालून हसत. गुम्बर्ट चालत राही.

बुर्कार्ड त्या वेळी पंचविशीत होता. आदला सगळा हिवाळा नदीपलीकडच्या दगडखाणीत काढून तो परत आला होता. पहिल्याच छाटणीला त्याच्या ध्यानात आलं की कडेच्या दोन ओळींतल्या वेलींची वळणं वेगळी आहेत. श्राउडांच्या घरात वेल डावीकडं वाकवून वेताच्या ओल्या काडीनं बांधायची रीत. या उजवीकडं वाकल्या होत्या. त्यानं बापाला विचारलं. बाप म्हणाला, वेलीला काय डावं-उजवं कळतंय. त्यानंतर बुर्कार्डनं विचारलं नाही. एवढंच बघत राहिला की त्या दोन ओळींत बाप स्वतः कधी कात्री घालत नाही. "तू कर तेवढं," म्हणून वरच्या अंगाला निघून जातो. दोन ओळी म्हणजे वर्षाला तीन टोपल्या द्राक्षं. चांगलं साल असलं तर चार.

पुढं बाप म्हातारा झाला. सातांनी बुर्कार्डला निवडलं, आणि खुणा कानात सांगायला बापच पुढं आला. सांगून झाल्यावरही त्यानं कानाजवळचं तोंड हलवलं नाही. त्याचा श्वास लागत राहिला. मग तो सरळ झाला आणि म्हणाला, "झालं."

आज आल्बान आणि लिनहार्टनं पहार घालून दगड हलवला. गुडघाभर उंचीचा, वरच्या अंगाला शेवाळलेला. तो आडवा झाला तसा बुर्कार्ड गुडघ्यांवर बसला आणि हातानं माती उपसू लागला. मनगट बुडालं. कोपर बुडालं. थंडगार, भुसभुशीत, नुसती माती.

"खाली असतील," लिनहार्ट म्हणाला. त्याच्या आवाजात आशा होती.

आणखी वीतभर खणलं. खडकच लागला.

मग आल्बान बुर्कार्डच्या शेजारी उकिडवा बसला. त्याच्या अंगाला पावाचा वास येत होता.

"हे बघ," तो हलकेच म्हणाला. "खुणा जागेवर आहेत म्हणून सांगायचं. आपण तिघं सोडून कोण बघतंय? मार्चमध्ये यंत्र येतंय. तुझा बाप कबरीत, किलियान कबरीत. आता अब्रू उरली ती एकट्या तुझी. ती कशाला घालवतोस?"

बुर्कार्डनं खाली गुंडेलकडं पाहिलं. ती वळली नव्हती. मधेच काठीचा हात बदलत होती.

"हेच माझा बाप बोलला होता," तो म्हणाला. "खुणा जागेवर आहेत म्हणून."

त्यानं पहार उचलली आणि तो आपल्याच मळ्यात आत शिरला. एक ओळ सोडली. दुसरी सोडली. तिथं, जिथून वेलींची जुनी खोडं डावीकडं वाकायला लागत होती, त्यानं पहार रोवली. तीनदा रिकामी गेली. चौथ्यांदा खालून बारीक खट्ट झालं. फुटक्या कौलावर नख आपटावं तसं.

तो पुन्हा गुडघ्यांवर आला. माती हातानंच काढली, शेवटची तर बोटांनी, लहान मुलाच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तशी. आणि त्या दिसल्या. पार पूर्वीच्या कुणी मांडल्या होत्या तशाच. बापानं कानात सांगितलं होतं, अगदी तशाच.

बुर्कार्डनं हाताची माती झटकली. गुम्बर्ट प्रमुख होता. त्याला सगळं ठाऊक होतं. दगडाबरोबर खुणाही उचलून नेल्या असत्या तर ती लबाडी कुणाच्या बापाला सापडली नसती. दगड त्यानं नेला, पण याला हात लावला नाही. वरून माती ढकलली आणि जन्मभर या दोन ओळींत पाय ठेवला नाही. कसलं मोठं मन म्हणायचं हे, आणि कसलं चोराचं? बुर्कार्डला उलगडेना. आपल्याला तरी त्रेचाळीस वर्षं पहार उचलायला काय झालं होतं?

त्यानं टोपी काढून खुणांवर पालथी ठेवली. मग आधीच्या खड्ड्याशी जाऊन त्यानं दगडाला मिठी घातली. लिनहार्ट पुढं झाला तर त्यानं मानेनंच नको म्हटलं. खांद्यावर दगड घेऊन तो उभा राहिला.

"वहिनी," त्यानं हाक मारली.

गुंडेल वळली. धुक्यात वर उभा असलेला बुर्कार्ड तिला दिसला. टोपी नाही, डोक्यावरचे पांढरे केस ओले, खांद्यावर दगड. आणि त्याच्यामागं उघडा पडलेला खड्डा. काही सांगायची गरज राहिली नव्हती. तरी दगडाच्या ओझ्याखाली त्याचं तोंड उघडलं आणि आलं ते एवढंच:

"कुठं ठेवू, वहिनी?"

आल्बाननं मान खाली घातली. गाणं गावात सगळ्यांनाच येत होतं. त्या भुताला नीट उत्तर दिलं तर ते सुटतं, टिंगल केली तर पुढची शंभर वर्षं तसंच भटकतं, असं म्हातारी माणसं सांगत.

गुंडेलचे ओठ हलले. किती वर्षं हे उत्तर तिनं दातओठ खात गायलं होतं. तिनं काठी पुढं टेकली, एक पाऊल चढली, आणखी एक चढली.

"जिथून उचलला तिथंच ठेव, बाबा," ती म्हणाली. "सावकाश. पाय घसरेल."

त्यांनी पुन्हा तिला पाठ फिरवायला सांगितली आणि तिनं ती फिरवली. दगड खुणांवर बसला. चार महिन्यांसाठी.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर बुर्कार्ड चर्चच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहिला. गुंडेलनं तसं मागितलं नव्हतं. त्यानं टोपी हातात धरली आणि सांगितलं की किलियान खरं बोलला होता, दगड माझ्या बापानं सरकवला होता, आणि मला संशय असून मी गप्प बसलो. तीसेक माणसं होती. त्यातली निम्मी लग्न होऊन आलेली, नाहीतर शहरातल्या कारखान्यात जाणारी. एका तरुण बाईनं शेजारणीला हळूच विचारलं, किलियान कोण? शेजारणीनं खांदे उडवले. कुणीतरी घड्याळ बघितलं. खाली किलियानचा कोट घालून गुंडेल उभी होती. बुर्कार्डचं बोलणं संपल्यावर तिनं मान डोलावली आणि ती एकटीच घराकडं गेली.

फेब्रुवारीत बुर्कार्ड छाटणीला गेला. आल्बाननं वाटेत हटकलं, अरे, महिन्याभरात मुळासकट जायच्या वेली, त्यांची कसली छाटणी? बुर्कार्ड म्हणाला, केस वाढलेलं मढं का कुणी पुरतं? आणि चढत राहिला.

आपल्या ओळी छाटून तो दगडापाशी आला. तिथं थांबला, कात्री पुसली, आणि पलीकडच्या त्या दोन ओळीही छाटल्या. सगळ्या वेली उजवीकडं वाकवून बांधल्या. त्या ओळींच्या काड्या त्यानं आपल्या काड्यांत मिसळल्या नाहीत. वेगळी मोळी बांधली, ती पाठीवर घेऊन उतार उतरला, आणि गुंडेलच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवली. दार वाजवलं नाही.

कोपऱ्यावर जाऊन त्यानं वळून पाहिलं. दार उघडलं होतं. गुंडेल वाकून काड्या मोडत होती, एकेक, चुलीत मावतील एवढ्या.