पहिला हुक उजवीकडे

बस डेपोत एकोणीस वर्षं ड्युट्या लावणाऱ्या बाईने त्रेचाळिसाव्या वर्षी गणिती प्रतिमान आणि क्वांटम संगणन या विषयात एम.एस्सी.ला नाव घातलं, तेव्हा डेपोतले लोक म्हणाले, हिचं डोकं फिरलं. वर्गातली मुलं काही म्हणाली नाहीत, त्यांनी तिला डेपोमावशी म्हणायला सुरुवात केली एवढंच. तिने दोन्ही गोष्टी कानाआड केल्या. ज्या बाईने पहाटेची पाळी नको म्हणणाऱ्या ड्रायव्हरांची तोंडं बंद केली होती, ती असल्या टोमण्यांना काय भीक घालणार!

भीती होती ती एकाच गोष्टीची. दोन वर्षांची रजा या सत्राबरोबर संपत होती आणि ती वाढवून मिळणार नाही, हे मॅनेजरने लेखी कळवलं होतं. आत्ता पदवी पदरात पडली तर पडली, नाहीतर दोन वर्षांच्या कष्टांवर पाणी. आणि प्रबंध दाखल करायला गाईडची सही लागायची.

गाईड तिच्याहून आठ वर्षांनी लहान होते. हुशार, झटपट बोलणारे, आणि स्वतःच्या छापून आलेल्या पेपरावर फार जीव. पेपर त्यांच्या शोधन पद्धतीवर होता. क्वांटम यंत्राच्या उत्तरांत नॉइजमुळे, म्हणजे बाहेरच्या खळबळीमुळे, चुका होतात. त्या चुका पकडून दुरुस्त करणारी ती पद्धत. विभागात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो पेपर दाखवला जायचा.

बाईने प्रबंधाचा विषय डेपोतूनच उचलला होता. बारा ड्रायव्हर आणि दोन पाळ्या. शून्य म्हणजे सकाळ, एक म्हणजे दुपार. प्रत्येक ड्रायव्हरसाठी एक क्यूबिट, म्हणजे वाचल्यावर शून्य किंवा एक दाखवणारी यंत्रातली एक जागा. यंत्र होतं कुठेतरी दूर, गणित नेटवरून पाठवायचं, की उत्तरादाखल शून्य-एकाच्या बारा आकडी हजार ओळी यायच्या. त्या वाचायला सरांनी लिहिलेला प्रोग्राम होता. बारा माणसांच्या पाळ्या ती स्वतः चहा निवायच्या आत लावू शकली असती, पण यंत्राला ते कितपत जमतं, हेच तर बघायचं होतं.

जमत नव्हतं. तीन नंबरच्या ड्रायव्हरला सकाळी आईला डायलिसिसला न्यायचं असे, म्हणून त्याला सकाळ द्यायची नाही, अशी अट तिने घातली होती. यंत्र त्याला हटकून सकाळ द्यायचं. पाच आणि सहा नंबर नवराबायको, घरी तान्हं मूल, दोघांना एका पाळीत टाकायचं नाही. यंत्र टाकायचं. हजारातल्या जेमतेम चाळीस ओळी सगळ्या अटींत बसत.

"नॉइज आहे," सर म्हणाले. "माझी पद्धत लावा. सुधारेल."

पद्धत लावली की सुधारायचं खरं. पण बाईला चैन पडेना. चुकणारा माणूस रोज नव्या तऱ्हेने चुकतो, हे तिने एकोणीस वर्षं पाहिलं होतं. रोज तीच चूक करणारा माणूस चुकत नसतो, त्याचं काहीतरी ठरलेलं असतं. हे यंत्र रोज तीच चूक करत होतं.

एका रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात त्या ओळी पसरून बसली होती. वडील समोर शेंगा सोलत होते. त्यांनी त्याच डेपोत तीस वर्षं किल्ल्यांची खिडकी सांभाळली होती.

"कसला हिशेब गं हा?" त्यांनी विचारलं.

"ड्रायव्हरांच्या पाळ्या, बाबा. तुमच्या किल्ल्यांच्या फळीसारखंच. एकेका जागेवर एकेक माणूस. तीन नंबरला दुपार द्यायची, तर हे मेलं यंत्र सकाळ देतंय."

वडिलांनी चष्मा सारखा केला, ओळीवर बोट ठेवलं आणि मोजलं. "दिलीय की दुपार. हा बघ एक."

"अहो, तो दहावा आहे!"

"तिसराच," म्हणत त्यांनी पुन्हा मोजून दाखवलं. उजवीकडून.

बाईला किल्ल्यांची फळी आठवली. डेपोत किल्ल्यांच्या फळीवर पहिला हुक उजव्या टोकाला होता, कारण खिडकी उजवीकडे होती आणि पहाटेच्या गाड्यांच्या किल्ल्या हाताशी हव्या असत. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी डावीकडून मोजायचा, बारा नंबरची किल्ली एक नंबरच्या हातात ठेवायचा आणि सबंध डेपोच्या शिव्या खायचा. तिनेही खाल्ल्या होत्या.

तिने पाच आणि सहा उजवीकडून मोजले. पाचव्या जागी शून्य, सहाव्या जागी एक. नवराबायको वेगळे! तिने पुढची ओळ घेतली, मग त्यापुढची. शेंगांच्या टरफलांनी कागद भरले तरी तिला भान नव्हतं. उजवीकडून वाचल्यावर हजारातल्या चारशे बारा ओळी सगळ्या अटी पाळत होत्या. राहिलेल्या ओळींत खरा नॉइज होता, आणि तो रोज नव्या तऱ्हेने चुकत होता.

यंत्र पहिला क्यूबिट उजव्या टोकाला लिहायचं आणि सरांचा प्रोग्राम डावीकडून वाचायचा. म्हणजे सरांची पद्धत नॉइज काढतच नव्हती. उलटी वाचलेली उत्तरं साध्या संगणकावर ओढूनताणून अटींत बसवत होती, बस.

सोमवारी तिने सगळं नवं चौथं प्रकरण म्हणून लिहून सरांपुढे ठेवलं. सर दोन पानं वाचून थांबले.

"हे चौथं प्रकरण काढून टाका," ते म्हणाले. "बाकीचा प्रबंध चांगला आहे. आज सही करतो."

"पण सर, बाकीचा प्रबंध तुमच्या पद्धतीवर उभा आहे. ती चुकीची आहे."

"बाई, तुमची रजा संपतेय. कशाला विषाची परीक्षा घेताय? पदवी घ्या, डेपोत जा. तिथे कोण विचारणार आहे क्यूबिट कुठून मोजायचा?"

तिथेच तर विचारतात, असं बाईला ओरडून सांगावंसं वाटलं. तिथे उलटं मोजलं तर एकाची आई दवाखान्यात पोचत नाही आणि एकीचं मूल घरी एकटं राहतं.

"प्रकरण निघणार नाही," ती म्हणाली.

"मग सही मिळणार नाही."

"नको."

नियमावली पाठ असणं हा ड्युटी लावणाऱ्याचा धर्मच. गाईडच्या सहीशिवायही पूर्ण समितीसमोर उभं राहता येतं, हे तिने शोधून काढलं होतं. मात्र तिथे नापास झालं की पुन्हा संधी नाही. अर्ज घेताना क्लार्क म्हणाला, "ताई, आजवर कुणी केलेला नाही हा." "मग फॉर्म कोरा करकरीत असेल," ती म्हणाली. घरी येऊन मात्र ती वडिलांपुढे रडली. वडील म्हणाले, "रड, पण कागद मागे घेऊ नकोस."

समितीत पाच जण होते. सर एका कडेला, आणि मधोमध बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, पिकल्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. बाईने वीस मिनिटं मांडणी केली. मग सर उठले आणि म्हणाले, "आकडे जुळतात म्हणून उलटं वाचायचं, याला शास्त्र म्हणत नाहीत."

"बरोबर आहे," बाई म्हणाली. "म्हणून आकडे बाजूला ठेवूया."

तिने पडद्यावर यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम उघडला. अटी नाहीत, पाळ्या नाहीत. पहिल्या क्यूबिटला एक, उरलेल्या अकरांना शून्य. "सर, तुमच्याच प्रोग्रामने वाचते," म्हणत तिने बटण दाबलं.

पडद्यावर अकरा शून्यं आली आणि उजव्या टोकाला एक. खाली सरांच्या प्रोग्रामने छापलं, ड्रायव्हर बारा.

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "पहिल्याला एक दिला होता ना?"

"हो."

"पुन्हा करा. आता दुसऱ्याला द्या."

प्रोग्रामने छापलं, ड्रायव्हर अकरा. सरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

समितीने तिला अर्धा तास बाहेर बसवलं. तेवढ्यात तिने मनातल्या मनात सबंध डेपोच्या आठवड्याच्या ड्युट्या लावून टाकल्या. मग क्लार्क धावत आला. पास. पहिल्या श्रेणीत.

प्रबंधाची प्रत घेऊन ती जिन्याकडे वळली, तर मागून सर आले. चेहरा उतरलेला, हातात पेन.

"पेपर मागे घ्यावा लागणार मला," ते म्हणाले. मग हात पुढे केला. "आणा प्रत. सही करतो. ती जागा रिकामी बरी दिसत नाही."

बाईला क्षणभर त्यांची कीव आली. खरंच आली. तिने प्रत उघडली, गाईडच्या सहीची रिकामी चौकट पाहिली आणि प्रत मिटून काखेत धरली.

"राहू दे सर," ती म्हणाली. "तुमच्या सहीशिवाय झालाय हा. तसंच दिसू दे."

आणि ती जिना उतरली. सोमवारी सकाळी सहाला तिची ड्युटी होती.