बरणीतला कोंब

या, असे जवळ येऊन बसा. दाराशी उभे आहात ते आत या, जागा होते. भाताच्या एका दाण्याची गोष्ट सांगायची आहे. गोड नाही, आधीच सांगून ठेवलेलं बरं. पण ऐकल्याशिवाय उठू नका.

एक बाई घरीच शिलाईचं मशीन चालवायची आणि आपल्या धाकट्या भावाला सांभाळायची. भाऊ बियाण्याच्या गोदामात हमाली करायचा. संध्याकाळी घरी यायचा तो पापण्यांपर्यंत भुसा माखून, म्हणून गल्लीने त्याचं नाव ‘भुसा’ ठेवलं होतं. तोच भुसा पुढे छातीत बसला. आता तो मशीनमागच्या खाटेवर पडून असायचा आणि श्वास घेताना फाटक्या भात्यासारखा वाजायचा.

बायको नाही, मूल नाही. त्याचं म्हणावं असं जगात एकच होतं. गोदामाच्या तुंबलेल्या गटारात सगळं धान्य कुजलं, तेव्हा एका दाण्याने पाण्याखालून कोंब वर काढलेला त्याने पाहिला होता. त्या भागातली शेतं खोलगट; पेरणी झाली की वर पाणी साचायचं आणि बी नासायचं. भुशाने तो दाणा डब्यात लावून वाढवला, त्याचं बी धरलं. गोदामाच्या साहेबांना दाखवलं. साहेबांनी चहा पाजला आणि दुसरं काही केलं नाही. मग हा अंथरुणाला खिळला आणि जपलेल्या बियाण्याला ओल लागून बुरशी आली. राहिलेले चार दाणे ताईने काचेच्या बरणीत, चिखलावर पाणी भरून टाकले, त्याला पडल्यापडल्या दिसतील असे. बाकीचे कुजले. एकच उगवला.

“ताई, मोज गं.”

ताई काचेला टेप लावायची. “नखभर वाढलाय. पण याचं मूळ कुठाय रे?”

“पाण्यात कोंडलेल्याला ती चैन परवडत नाही. अंगातलं सगळं पीठ मोडायचं आणि एक नळी वर सोडायची. तिचं तोंड बाहेर निघालं, की हवा खाली उतरते. मग मूळ, मग पान.”

“आणि पीठ आधीच संपलं तर?”

“तू शिवत बस,” भुसा म्हणाला. “हा एक वर आला ना, की लोंबी धरेल. लोंबीचं बी होईल. मग मी मोकळा.”

देवाने पाण्याखालच्या एवढ्याशा दाण्याला ही विद्या शिकवली. शिकवणारा तोच, आणि पीठ मापून देणाराही तोच. आपण काय बोलणार?

एका दुपारी डॉक्टर तपासून गेले. उंबऱ्यावर चपला घालताना हळूच म्हणाले, “कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.” बोलवायचं कोणाला? ताई मशीनपाशी येऊन बसली. भाऊ झोपला होता. कोंब सकाळी होता तिथेच. वर बोटभर पाणी उरलं होतं.

आता शिवणाऱ्या बाईचे हात ते! कापड पुरत नसेल तर घेर कमी करायचा, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. कोंब पोहोचत नाही? पाणी आखूड करू. तिने औषधाचा चमचा घेतला आणि अलगद पाणी उपसायला लागली. टोक बाहेर आलं. पांढरं, ओलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं सैल असावं, म्हणून तिने आणखी काही चमचे काढले.

“भुशा, ऊठ! आला बघ, आला!”

त्याने मान वळवली. कोंब कलला, आणि दोऱ्याच्या तुकड्यासारखा चिखलावर आडवा झाला.

“पाणी काढलंस?”

“थोडंच. तुला दिसावं म्हणून रे.”

“पाण्यानेच उभं धरलं होतं त्याला.”

ताईने घाईघाईने तांब्या ओतला. दाणा चिखलातून सुटून वर तरंगला. तिने तो चिमटीत धरला, तर नुसतं टरफल. आत पीठ उरलंच नव्हतं. पाणी असतं तरी तो पोहोचला असता की नाही, हे आता कोण सांगणार?

“शिव्या दे मला,” ताई म्हणाली.

“दम कुठाय,” भुसा म्हणाला. मग म्हणाला, “माझ्या शाळेचा सदराही असाच आखूड केला होतास.” ताई हसायला गेली, तिला हसता आलं नाही. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर ‘मोज गं’ म्हणाला नाही.

तो गेला त्या आठवड्यात गोदामाचा मुकादम दारात आला. “ताई, यंदाही सगळं बी पाण्याखाली गेलं. भुशाचा तो भात आहे का थोडा?”

“नाही,” ताई म्हणाली आणि शिवत राहिली.

तर माणसांनो, त्या भाताला कोणी नाव दिलं नाही, आणि आता द्यायला भातही नाही. देवापुढे डोळे मिटाल तेव्हा आपापली माणसं आठवून झाल्यावर, क्षणभर त्या भुशालाही आठवा. त्याला आठवणारं एकच माणूस उरलंय, आणि तिला सुईत दोरा ओवायलाही आता नीट दिसत नाही.