अक्कडसासूबाईंनी पकडलेला सेन्सर

डायलिसिसच्या पेशंटना घरून केंद्रावर न्यायचं आणि परत सोडायचं, हे माझं काम. माझी व्हॅन ऑटोमॅटिक गिअरची. महिनाभर तिचे नखरे चालले होते. दुपारी केंद्रासमोर तीन पेशंट आत बसलेले, गिअरचा दांडा ‘पार्क’मध्ये, आणि चावी फिरवली तरी व्हॅन ढिम्म. डॅशबोर्डवर ‘पी’च्या जागी नुसती रेघ. अर्ध्या तासाने आपोआप सुरू.

गॅरेजवाला माणूस सरळ. व्हॅन रात्री ठेवून घ्यायचा, सकाळी तपासायचा, आणि सकाळी ती शहाण्यासारखी वागायची. त्याने बॅटरी बदलली, स्टार्टर बदलला, शेवटी हात टेकले. म्हणाला, गिअरबॉक्सच बदलावा लागेल, तीन आठवडे धरा. तोवर पेशंटनी काय करायचं, हे मला सुचेना.

बायकोने तिच्या थोरल्या बहिणीला फोन लावला. नात्याने त्या माझ्या अक्कडसासू, पण अक्कड त्यांच्या अंगात औषधालाही नाही. वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्टचा आणि गिअरबॉक्सचा काय संबंध, असं मनात आलं. बोलून दाखवायची छाती झाली नाही.

रविवारी सकाळी ताई आल्या. बॉनेटला हातही न लावता पायरीवर बसल्या आणि मला प्रश्न विचारू लागल्या. कधी बंद पडते, त्याआधी किती चाललेली असते, किती वेळ उभी असते. उत्तरं देता देता माझ्याच लक्षात आलं, सकाळी ती कधीच अडत नाही. लांबून येऊन थोडी उभी राहिली, की मगच.

“म्हणजे तापल्यावर,” ताई म्हणाल्या. “आणि तपासली नेहमी थंड असताना.”

मग त्यांनी समजावलं. लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे हे सेन्सरला कळलं नाही, तर दार उघडत नाही. इथेही दांडा कुठे आहे हे सांगणारा सेन्सर गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेला असतो. ‘पार्क’ आहे असं त्याने सांगितलं नाही, तर गाडी सुरूच होत नाही.

त्यांचा संशय होता सेन्सरला येणाऱ्या वायरच्या जोडावर. व्हॅन उचलून टेकू दिले, त्या खाली शिरल्या, दांड्याची केबल नीट बसली आहे ना ते पाहिलं. जोडाला मीटर लावला. मी वर बसून सांगतील तसा दांडा हलवत होतो. सगळे आकडे बरोबर. तेव्हा त्यांनी हेअर ड्रायर मागितला. बायकोने तो दिला, आणि माझ्या केसांना ग्रीस लागलं तर बघ, असं मलाच बजावलं.

आधी जोड तापवला. पाच मिनिटं काहीच नाही.

“माझा अंदाज चुकला,” असं सरळ म्हणून त्यांनी ड्रायर सेन्सरकडे वळवला. थोड्या वेळाने मीटरवरचा आकडा उडाला आणि माझ्यासमोर तीच रेघ उमटली. चावी फिरवली. ढिम्म. गाडी सुरू न झाल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

मी उड्या मारायच्या बेतात होतो. त्या मात्र खालून हलल्या नाहीत. ओल्या फडक्याने सेन्सर गार केला, ‘पी’ परत आला. पुन्हा तापवला, पुन्हा गेला. तीनदा. एकदा घडलं तो योगायोग असू शकतो, म्हणाल्या.

मग गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याला काही न ऐकवता ताईंनी ड्रायर आणि मीटर त्याच्याच हातात दिले. त्याने स्वतः करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो मी,” तो म्हणाला.

दोन दिवसांनी त्याने नवा सेन्सर बसवला. दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्रासमोर तापलेली व्हॅन एका फटक्यात सुरू झाली. मागे बसलेल्या पेशंटना त्याचं काही विशेष वाटलं नाही. मी तिथूनच ताईंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, बरं झालं म्हणाल्या, आणि संध्याकाळी बोलू म्हणाल्या. सातव्या मजल्यावर लिफ्टमध्ये माणसं अडकली होती.