राँग या शब्दाचे पान

मित्रांनो, माझ्या पाठीवरची सोनेरी अक्षरे पुसट झाली आहेत, म्हणून ओळख मीच करून देतो. मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश. छापखान्यात माझी पाने जुळली, बाइंडरने मला शिवले, खळ लावून पुठ्ठा चढवला आणि मी जाडजूड होऊन दुकानात उभा राहिलो.

मला विकत घेतले एका दुभाषीबाईंनी. कोर्टात कोणी इंग्रजीत बोलले की त्या ते मराठीत सांगत. त्यांचा डबा आणि मी एकाच पिशवीत असू. माझ्या कडांवरचे तेलाचे डाग तेव्हाचे.

माझ्यात राँग नावाचा एक शब्द आहे. दिसायला लहान, पण त्याचा गोतावळा मोठा. चुकलेले उत्तर राँग, कापडाची उलटी बाजू राँग, भलतीकडे लागलेला फोनही राँग. आणि सगळ्यांत खाली, बारीक अक्षरांत, अन्याय.

एकदा कोर्टात एका हॉटेलच्या धुलाईखान्यातली बाई उभी होती. परदेशातून आलेली, मराठीचा गंधही नाही. पाहुण्यांची बांगडी चोरल्याचा तिच्यावर आरोप होता. ती दबक्या आवाजात म्हणाली, "आय वॉज राँग्ड." वर पंखा घरघरत होता. शेवटचा 'ड' त्यातच विरला आणि उरले नुसते राँग.

"माझं चुकलं, असं म्हणताहेत," दुभाषीबाईंनी सांगितले.

न्यायाधीशांनी मान हलवली, वकील सैलावून बसले. ती बाई मात्र गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. ते पाहून दुभाषीबाईंना शंका आली. त्यांनी घाईघाईने मला उघडले. त्या गडबडीत पानाचा कोपरा चुरगळला.

"साहेब, मला त्यांना परत विचारू द्या."

या वेळी उत्तर स्वच्छ ऐकू आले.

"साहेब, माझ्या ऐकण्यात चूक झाली. त्या कबुली देत नाहीत. माझ्यावर अन्याय झालाय, असं त्यांचं म्हणणं आहे."

भर कोर्टात हे सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. पण खटला पुढे चालला आणि बांगडी पाहुण्यांच्याच बॅगेच्या अस्तरात सापडली. सुटल्यावर त्या बाईने मला मागून घेतले, बाकावर ठेवले आणि तो चुरगळलेला कोपरा इस्त्री फिरवावी तसा तळहाताने सपाट केला. तेवढे कौतुक मला पुरले.

पुढे दुभाषीबाई निवृत्त झाल्या. शब्द फोनमध्ये मिळू लागले आणि मी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेलो. माझी शिवण उसवली. मित्रांनो, आम्हाला असे ठेवू नका. आणि आम्हाला उघडाल तेव्हा पहिल्याच अर्थावर थांबू नका.

परवा बाईंची नात फुरंगटून घरी आली.

"आजी, मैत्रीण मला राँग म्हणाली. म्हणजे काय गं?"

आजीने मला टेबलाखालून ओढले, पदराने पुसले आणि मांडीवर घेतले.

"आधी मला सांग, तुझं काही चुकलं, की तुझ्यावर अन्याय झाला?"

नातीने मला उघडून राँगच्या अर्थांवरून शेवटपर्यंत बोट फिरवले.

"दोन्ही," ती म्हणाली. "थोडं थोडं."