मॉरीनबाईंची हाक

नागपूरचा शशिधर देवपुजारी २००५ साली कंपनीच्या कामासाठी डर्बीला आला. घराजवळ मॉरीन नावाच्या साठीच्या बाईंचं पेपरचं दुकान होतं. दूध घ्यायला गेलं की त्या विचारायच्या, "आणखी काय देऊ, मी डक?" तिकडच्या बोलीत 'मी' म्हणजे 'माझ्या', आणि 'डक' ही कुणालाही मारायची प्रेमाची हाक. 'मी डक' ऐकून त्याची बायको मीनल हसली होती. "बाई स्वतःलाच बदक म्हणते की रे."

हे बदक कुठून आलं, असं त्याने एकदा मॉरीनबाईंनाच विचारलं.

"पक्ष्याचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "ड्यूक म्हणजे सरदार, त्याचं झालं डक, असं माझे वडील सांगायचे. खरंखोटं देव जाणे."

जुलैत लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाल्यापासून सावळ्या माणसाच्या पाठीवरच्या बॅगेकडे लोक वळून बघत. ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी तो बसमधून उतरला, तेव्हा स्टॉपवर डॅरेन नावाचा तरुण बाटलीतून बिअर पीत उभा होता.

"बॅगेत बॉम्ब आहे का?" डॅरेनने विचारलं.

शशिधर पुढे निघाला. समोर मॉरीनबाई दुकानाचं शटर ओढत होत्या. त्या एकदम ओरडल्या, "डक!"

त्याला वाटलं, नेहमीसारखी हाक मारतायत. तो हसून थांबला आणि डॅरेन मागून येतोय का हे बघायला मान वळवली. बाटली डाव्या डोळ्यावर फुटली.

तो गुडघ्यांवर कोसळला. डॅरेनने धावत येऊन बरगड्यांत लाथा घातल्या. एक बरगडी मोडल्याचं शशिधरने कानांनी ऐकलं. तोंडात रक्त आणि काच होती. तेवढ्यात मॉरीनबाई शटर ओढायची लोखंडी सळई घेऊन आल्या आणि त्यांनी डॅरेनच्या मनगटावर मारली. मग खांद्यावर, मग पाठीवर. तो रस्त्यावर आडवा झाला तरी त्या मारत राहिल्या. शेवटी पोलिसांनी येऊन सळई काढून घेतली.

शशिधरचा डोळा गेला.

कोर्टात डॅरेनचा वकील म्हणाला, "बाटली कचरापेटीत फेकली होती, हा मध्ये आला. बाई, तुम्ही सगळ्यांनाच डक म्हणता ना? मग ती तर साधी हाक होती. नेम धरलेला तुम्ही पाहिलाच नाही."

"हाक मारते तेव्हा 'मी डक' म्हणते, आणि किंचाळत नाही," मॉरीनबाई म्हणाल्या. "त्याने याच्या डोक्यावर नेम धरला होता. मी ओरडले 'डक', म्हणजे खाली वाक."

ज्यूरीने त्यांचं ऐकलं. डॅरेनला चार वर्षांची शिक्षा झाली. शशिधरला वाटलं होतं आनंद होईल. तो झाला नाही.

बाहेर बसची वाट बघताना मॉरीनबाई म्हणाल्या, "तुला वाकता आलं नाही, ते माझ्याच तोंडच्या सवयीमुळे."

"तसं नका म्हणू."

"आणि एक सांगू? पहिल्या फटक्यानंतर मला थांबावंसंच वाटेना."

शशिधर म्हणाला, "मी खाली पडलो होतो ना, तेव्हा मलाही वाटत होतं, तुम्ही थांबू नये."

बस आली. मॉरीनबाईंनी त्याला आधी चढू दिलं.