धुक्यातली हाक

मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे. सडक अर्जुनीच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज येईल इतक्या अंतरावर आमचा तलाव आहे. केशोराव सुतारांनी आंब्याचा अख्खा बुंधा आतून कोरून मला घडवलं. महिनाभर त्यांचा लाकूड तासायचा वाकस चालला होता. मग चार माणसांनी उचलून मला पाण्यात लोटलं आणि मी मासे धरणाऱ्या घनश्याम ढिवराचा झालो.

घनश्याम येशूला मानणारा. गावात अशी चारच घरं. जाळं टाकण्याआधी तो डोक्याचा दुपट्टा सोडायचा आणि म्हणायचा, "बापा, आमी निघालो. संगं राहजो." एवढीच त्याची प्रार्थना. त्याची बायको अल्का हसायची. "शेजारी बसल्या माणसाशी बोलल्यावानी बोलता तुमी," म्हणायची. त्यांची मुलगी भूमिका माझ्या टोकाशी बसून तेच शब्द बोबडे म्हणायची. ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. "डोंगा असावा तर घनश्यामचा," असं लोक म्हणत आणि मी पाण्यावर जरा ताठ तरंगत असे.

भूमिका दहा वर्षांची असताना अल्का तापानं आजारी पडली. तिला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. शेजारच्या शकुंतलाबाईंकडे राहिलेली भूमिका रोज शाळा सुटली की काठावर यायची, माझ्यात बसून डोळे मिटायची. "बापा, माझ्या आईले घरी आण." तिचा हुंदका माझ्या लाकडात उतरायचा. मी ऐकण्यापलीकडे काय करणार?

अल्का घरी आली नाही.

त्यानंतर भूमिका देवाशी एक शब्दही बोलली नाही. घनश्यामनं दुपट्टा सोडला की ती तोंड फिरवून शिंगाड्याच्या वेलांकडे बघत बसायची. त्यानं तिला कधी रागे भरलं नाही. तिला घरी एकटी ठेवायला नको म्हणून तो तिला सकाळी जाळ्यावर सोबत न्यायचा आणि मग शाळेत सोडायचा.

नाताळाच्या आधीची एक सकाळ. तलावावर इतकं धुकं होतं की माझं एक टोक दुसऱ्या टोकाला दिसेना. घनश्यामनं नेहमीचे शब्द उच्चारले आणि भूमिका एकदम म्हणाली, "मी रोज मांगत होतो. मंग काऊन नाही आयकलं त्यानं?"

घनश्यामनं दुपट्टा पुन्हा डोक्याला बांधला. मग म्हणाला, "मले नाही मालूम, पोरी."

तिला काहीतरी उत्तर हवं होतं. हे उत्तर तिला सहन झालं नाही. तेवढ्यात जाळं वेलांत अडकलं. ते सोडवायला घनश्याम कमरेएवढ्या पाण्यात उतरला. त्याची पाठ वळली आणि भूमिकेनं बांबू उचलून मला जोरानं रेटलं. दोन रेट्यांत बाप धुक्यात दिसेनासा झाला. तिसऱ्या रेट्याला बांबू गाळात रुतला आणि तिच्या हातातून सुटला. आम्ही दोघं खोल पाण्यात होतो. मी डुलायला लागलो, तशी ती दोन्ही हातांनी मला धरून खाली बसली. ट्रकांचा आवाज चारी बाजूंनी आल्यासारखा वाटत होता. काठ कुठं, ते मलाही कळेना.

मग हाक आली. "भूमे! कुठं आहेस?"

तिनं ओ दिली नाही. ओठ घट्ट मिटून घेतले. पुन्हा हाक आली. पुन्हा. मला पाण्यातून त्याच्या हातांचे फटकारे जाणवत होते. तो पोहत होता, चुकीच्या दिशेला जात होता, थांबत होता, परत हाक मारत होता. पाणी बर्फासारखं होतं. त्याचा आवाज कापायला लागला, तरी थांबेना.

शेवटी तिचाच धीर सुटला. "बाबा! मी इथं आहो!"

थोड्या वेळानं त्याचा हात माझ्या काठावर पडला. बोटं पांढरी पडली होती. तो धापा टाकत म्हणाला, "बरोबर बसली ना? हलू नको." आणि एका हातानं पाणी मारत मला काठाकडे ढकलू लागला.

ती रडत म्हणाली, "मी आयकत होतो बाबा. मुद्दाम नाही बोललो."

"मालूम आहे."

"मंग हाक कायले मारत राहिले?"

"तू बोलत नाहीस म्हणून मी बाप नाही का तुझा?"

पाय गाळाला लागल्यावर घनश्याम कुडकुडत उभा राहिला. तिनं स्वतःची शाल काढून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली. मग पाण्याकडे बघून, तीन महिन्यांत पहिल्यांदा, हळूच म्हणाली, "बापा, मी आजून रुसून आहो. पण इथंच आहो."

घनश्यामनं ते ऐकलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. आई परत आली नाही. 'काऊन'चं उत्तरही मिळालं नाही. पण त्या दिवसापासून जाळं टाकण्याआधी माझ्यात दोन आवाज उमटू लागले.

आता भूमिका गोंदियाला नर्सिंग शिकते. मच्छीमार सोसायटीनं फायबरची नाव आणली आणि मी काठावर पालथा पडलो. दोन उन्हाळे गेले. कुणी माझ्यावर कपडे वाळवले, कुणी बकरी बांधली. अंग तडकलं. मागच्या महिन्यात ती सुटीवर आली, माझ्या भेगेत बोट घालून म्हणाली, "बाबा, याले बाहेर कायले ठेवलं? पाण्यापासून दूर केलं की लाकूड फाटतेच." बापलेकींनी मला उथळ पाण्यात बुडवून वर दगड ठेवले. लाकूड फुगतं आहे. भेगा हळूहळू मिटत आहेत.

मित्रांनो, एखादा जुना डोंगा काठावर वाळताना दिसला, तर त्याला पाण्यात लोटा. आणि कधी तुम्ही देवावर रुसलात, धुक्यात एकटे सापडलात, तर भिऊ नका. नुसती ओ द्या. तुमचा बाप केव्हाच पाण्यात उतरलेला असतो.