घळीतली हवा

आमचा मुकादम म्हणजे एक नंबरचा आडमुठा. माझा धाकटा भाऊ घळीत झाडं कापायचा. तिथे वारा फिरकत नाही. पेट्रोलच्या करवतीचा धूर कापणाऱ्याच्या तोंडाशीच घुटमळतो. दुपारपर्यंत त्याचं डोकं फुटायला यायचं. दोनदा तो ओकला, एकदा चालत्या मशीनसकट गुडघ्यांवर बसला. मुकादम म्हणाला, कालची उतरली नसेल. माझा भाऊ दारूच्या थेंबाला शिवत नाही.

मी हात धुऊन मुकादमाच्या मागे लागलो. त्याला बॅटरीची करवत द्या, नाहीतर वर उघड्यावर कामाला घ्या. साहेबापर्यंत गेलो, आवाज चढवला. अखेर साहेबाने धूर मोजायला एक बाई पाठवली. तिने भावाच्या गळ्यात काड्यापेटीएवढी डबी अडकवली आणि संध्याकाळपर्यंत असू दे म्हणून सांगितलं. डबीत किती धूर शिरतो त्यावर निकाल ठरणार होता.

पंधरा दिवसांनी मुकादमाने सगळ्यांसमोर कागद वाचला. घळीतली हवा स्वच्छ. वर मला म्हणाला, "झालं समाधान? आता तोंड बंद." त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. बाईला तुम्ही खिशात घातलंय, असं मी तोंडावर सुनावलं.

भावाने मला बाजूला ओढलं.

"दादा, डबी मी काढली होती. वर काठावर, फांदीला टांगली होती."

"अक्कल गहाण टाकली होतीस?"

"लोंबत होती ना. मशीन चालू करताना गळ्यात काही लोंबतं ठेवायचं नाही, साखळीने ओढलं तर मान जाते. तूच शिकवलंस. पहिल्या दिवशी कानाखाली वाजवून."

खरं होतं. कानाखाली वाजवल्याचा मला अभिमानही होता. आता स्वतःचीच चीड आली.

मुकादमाकडे परत गेलो, घडलं ते सांगितलं, पुन्हा मोजा म्हणून त्याच माणसापुढे हात जोडले. तो म्हणाला, मोजणी वर्षातून एकदाच. भाऊ मशीन उचलून घळीकडे निघाला. मी ते त्याच्या हातातून हिसकावलं आणि स्वतः खाली उतरलो.

तासाभरात कपाळ ठणकायला लागलं. दुपारी खोडाला धरून ओकलो.

काठावरून मुकादम म्हणाला, "नाटकं पुरे. हवा चांगली आहे, तुझ्याच भावाच्या डबीने सांगितलंय."

कचकचीत शिवी ओठांवर आली, पण ती द्यायला श्वास पुरेना.